पुढच्या ब्रेकात गंगाजल

सुरत, २ नोव्हेंबर १९९९

श्री. दादांना दिगंबरचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशालीत थोडा बिघाड झाला आहे, तो पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? आणि शेजाऱ्यांच्या कुंपणावरून तुमच्या अंगणात वाकलेल्या पपईच्या झाडाचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, तेही सविस्तर कळवावे. भाऊबीज आठवड्यावर आली आहे. यंदा तुम्ही यायचं टाळू नये. भुसावळहून थेट गाडी आहे, आणि जन्मभर गार्डाच्या डब्यातून फिरलेल्या माणसाला गाडीचं मी काय सांगावं!

गाडीवरून आठवलं. आम्ही मोटारसायकल घेतली, हे तुमच्या बहिणीने, उषाने, तुम्हाला फोनवर सांगितलं असेलच. (कोणत्या सुरात सांगितलं, याची मला कल्पना आहे.) मंदार शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. लग्न झालं तेव्हा ती माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसायची आणि तापीच्या पुलावर वारा सुटला की माझा सदरा घट्ट धरायची. मग मंदार झाला, पिशव्या वाढल्या, मला पोट सुटलं आणि ते बसणं कधी बंद पडलं ते कळलंही नाही. एरवी आम्ही चालत जातो तेव्हा मी दहा पावलं पुढे आणि ती मागे. खरं सांगतो दादा, मला गाडीची हौस नव्हती. मला खांद्यावर तो हात परत हवा होता. पन्नाशीला आलेल्या मास्तराने हे बायकोला सांगायचं कसं, म्हणून शाळा लांब पडते असं कारण दिलं. (शाळा घरामागच्या गल्लीत आहे.)

गाडी नव्या धर्तीची. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, म्हणजे तार नाही, तेल. मूठ दाबली की नळीतलं तेल दाबलं जातं आणि चाकाशी असलेल्या चकतीला चिमटा बसतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम मी आठवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो आहे. आता ती आकृती माझ्या दारात उभी होती, तीही लाल रंगाची! मी गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून समजावून सांगू लागलो. लोक दुसऱ्या गल्लीने जायला लागले.

दसऱ्याला गाडीची पूजा. उषाने हार घातला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तुमच्या मातोश्रींनी काशीहून आणलेली गंगाजळी उघडून चाकांवर चार थेंब शिंपडले. इथवर सगळं यथासांग झालं होतं. पण माझी नजर हँडलवरच्या त्या तेलाच्या डबीकडे गेली. डबीला काचेची छोटी खिडकी असते, तीत तेल जरा कमी दिसलं. मी झाकण उघडलं. उघडलंच आहे तर नियम डोळ्यांनी पाहावा म्हणून मूठ दाबून पाहिली. आत बुडबुडे आले. छान वाटलं म्हणून आणखी बऱ्याचदा दाबली. मग प्रश्न आला, भर कशाची घालायची? सणाची दुकानं बंद. तेव्हा माझ्यातल्या शास्त्रज्ञाने विचार केला, की नियमात 'द्रव' म्हटलं आहे, तेल म्हटलेलं नाही. आणि घरात असा एक द्रव आहे, जो कितीही वर्षं ठेवला तरी नासत नाही, असं सगळा देश म्हणतो. दादा, मी पळीभर गंगाजल ब्रेकमध्ये घातलं. विज्ञान आणि धर्म यांचा असा समन्वय आपल्या दोन्ही घराण्यांत दुसऱ्या कोणी केला नसेल. उषा म्हणाली, "अहो, गाडीचं पुस्तक बघा ना आधी." मी म्हणालो, पुस्तक मीच शिकवतो.

त्या दिवसापासून मूठ मऊ लागू लागली. मला वाटलं, गाडी सरावते आहे.

मग आला चांदनी पडवा. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं सुरत खव्या-तुपाची घारी खातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (गेल्या खेपेला तुम्ही तीन खाल्ल्या होत्या आणि वहिनींना एक सांगितली होती.) संध्याकाळी मी म्हणालो, चल, गाडीवरून घारी आणू. उषा नवी साडी नेसली, दसऱ्याला घेतलेली नवी चप्पल घातली आणि मागे बसली. आणि दादा, तिने खांद्यावर हात ठेवला. उधना दरवाज्यापर्यंत मी त्या हाताखेरीज दुसऱ्या कशाकडे लक्ष दिलं नाही. तेवढ्यात समोर मिठाईचं दुकान आणि त्याच्यापुढे रस्त्यापर्यंत आलेली रांग. मी ब्रेक दाबला. मूठ लोण्यात बोट जावं तशी हँडलला जाऊन टेकली आणि गाडी आपली चाललेलीच. पायाला दुसरा ब्रेक असतो. पण जन्मभर सायकल चालवलेल्या माणसाच्या पायाला तो ऐनवेळी आठवत नाही, हा शोध मला तिथे लागला. आम्ही अगदी सावकाश, कोणालाही न लागता, रांगेच्या मधोमध शिरलो. लोक दुभंगत गेले. "ओ काका, लाइनमां आवो ने!" असा आरडाओरडा झाला. एका आजीने पिशवी हाणली. मागे उषाने काय केलं असेल, तर चप्पल रस्त्यावर घासत नेली. गाडी थांबली ती माझ्यामुळे नव्हे, त्या चपलेमुळे, आणि थांबली ती थेट काउंटरपाशी. दुकानदाराने मान वर न करता, किती देऊ म्हणून विचारलं, "केटली आपुं?"

उषा उतरली. एक किलो घारी घेतली. (नंबर लागलाच होता.) चपलेचा तुटका पट्टा हातात धरून रिक्षात बसली आणि निघून गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, की आता दादाने झेंडी दाखवल्याशिवाय मी त्या गाडीवर बसणार नाही.

त्यानंतर मी दुरुस्तीला लागलो. मगन मिस्त्रीने अर्धा तास ब्रेकची तार शोधली, ती सापडली नाही तेव्हा हॉर्न दुरुस्त करून दिला. शेजारचे लोटूभाऊ (धुळ्याकडचे, नवागामला लूमवर असतात) मूठ दाबून म्हणाले, "सर, येन्हामा हवा भराई गयी." निदान बरोबर होतं. पण लोटूभाऊंना स्वतःला गॅसेसचा जुना त्रास आहे आणि ते सगळ्यांचंच हेच निदान करतात. गेल्या महिन्यात आमच्या रेडिओचंही केलं होतं. शेवटी मी हार मानून पुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं: तेल संपूर्ण बदलावे, पाणी जाऊ देऊ नये, आणि हवा काढण्यास दोन माणसे लागतात.

दुसरं माणूस कोण, हे सांगायला नको. उषा बसणार नव्हती, पण गाडीपाशी उभी राहायला तयार झाली. एकाने मूठ दाबून धरायची, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक नट सैल करायचा, तेल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, नट आवळायचा, आणि मगच मूठ सोडायची. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत आम्ही एकदाही एकाच वेळी दाबणं-सोडणं केलेलं नाही, हे त्या दुपारी उघड झालं. मी "धर" म्हणालो की ती सोडायची, मी "सोड" म्हणालो की ती विचारायची, नक्की? तेवढ्यात बाहेर आलेली हवा परत आत. एकदा तेल उडून टाकीवर पडलं आणि पुसेपर्यंत लाल रंगासकट स्वस्तिक निघून आलं. मग ती म्हणाली, तुम्ही बोलूच नका, मीच सांगते. त्यानंतर जमायला लागलं. गेल्या रविवारपासून रोज चहानंतर आम्ही हवा काढतो. ती रोज अंगठ्याने मूठ दाबते, कणीक भिजली का पाहावी तशी, आणि म्हणते, अजून मऊ आहे. मग माझ्या कपाळाचं तेल पदराने पुसते. ब्रेक पूर्ण घट्ट होईल त्या दिवशी मला थोडं वाईटच वाटणार आहे.

असो. फराळाचं चालू आहे. वहिनींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं.

आपला
दिगंबर

ता. क. भाऊबीजेला याल तेव्हा स्टेशनवर मीच घ्यायला येईन, गाडी घेऊन. तुम्ही स्टेशनपासून घरापर्यंत माझ्या मागे बसावं, एवढंच मागणं आहे. खरं तर सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं. तुम्ही धडधाकट उतरलात की उषाला दुसरा पुरावा नको. जुनी हिरवी झेंडी असेल तर सोबत आणावी.

ता. क. २. घाबरू नये. ब्रेक जवळजवळ लागतो.

ता. क. ३. गुडघ्याचं मनावर घेऊ नये, पाय खाली टेकवायची वेळ बहुधा येणार नाही.

दादा, मी उषा. हे मला पाकीट चिकटवायला देऊन आंघोळीला गेलेत, म्हणून मी पत्र वाचलं. भाऊबीजेला नक्की ये, पण रिक्षाने ये. झेंडी आणू नकोस. खांद्याचं यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. शाळा घरामागे असताना गाडी कशाला, म्हणून मी महिनाभर डोकं खाल्लं यांचं. आता पत्र टाकायला पोस्टात दोघं गाडीवरूनच निघतोय, मी मागे बसून. ब्रेक अजून मऊच आहे. मी जुनी चप्पल घातली आहे.

तुझी उषा