नोएलच्या नावावर

कोन्सुएलो, ३ मे १९९१

ती. लुदोविनोदादास,

ओतिलियाचा नमस्कार, वि. वि. आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच.

तुझं कार्ड पोचलं. पुढे पुलाचं चित्र आणि मागे दोन ओळी, त्यातली एक हवेची. बेसबॉलची पोरं हेरत गावोगाव हिंडणारा माणूस क्लबला म्हणे एकेका पोरावर चार-चार पानं लिहितो, आणि सख्ख्या बहिणीला दोन ओळी. अजून उभ्या उभ्याच जेवतोस का? पोट आत गेलं असेल तर फोटो पाठव, नाहीतर राहू दे.

इकडे ठीक. कारखान्याचा ऊस संपत आला, भोंगा दिवसातून एकदाच होतो. परवा पेत्रोनाच्या रेडिओवर आपल्या पोराचं नाव आलं. बेलमोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप, नोएल मोरिलो. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चुलीपाशी जाऊन बसले.

दादा, नऊ जुलैला नोएलला जाऊन तीन वर्षं होतील. तापाने सकाळी गेला, संध्याकाळी पुरला. आपल्याकडे कचेरीत जाऊन मरण नोंदवतो कोण? ती नोंद राहिली, आणि वर्षभराने तुला तिचा उपयोग सुचला. एलिसेओ तेव्हा एकोणीसचा होता आणि एकोणीसच्या पोराकडे क्लबवाले ढुंकून बघत नाहीत, असं तू म्हणालास. धाकट्या भावाच्या दाखल्यावर तो सोळाचा झाला आणि त्याची निवड झाली. मीही हो म्हटलं होतं, एकट्या तुला दोष देत नाही. पण त्यापायी माझ्या धाकट्याच्या क्रुसावर आजवर एक अक्षर नाही.

पहिल्या वर्षी क्लबच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या, म्हणून दाराला कडी लावून प्रार्थना केली. गेल्या वर्षी ‘या घरातला एक आत्मा’ असं म्हणून भागवलं. यंदा प्रार्थना सांगणाऱ्या एमेतेरियाआजी हटून बसल्या आहेत. बिननावाची प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट, ते पोचायचं कुठे, असं म्हणतात. मला यंदा नोएलचं नाव मोठ्याने घ्यायचं आहे आणि क्रुसावर लिहायचं आहे. लिहू का, ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
ओतिलिया

---

बेलमोर, दक्षिण कॅरोलायना
१९ मे १९९१

चि. ओतिलिया हिस,

भावाचे भरपूर आशीर्वाद. मी खुशाल आहे. पोट माझ्याआधी खोलीत शिरतं, तेव्हा फोटोची आशा सोड.

क्लबने मला मुद्दाम इथे पाठवलं आहे. खालच्या लीगमधल्या तीन पोरांना बघायचं आणि कोणाला वर चढवावं, कोणाला घरी पाठवावं ते जुलैअखेरपर्यंत लिहून द्यायचं. तिघांतला एक आपला. भाचा आहे हे इथे कोणाला माहीत नाही. मी येणार हे त्याला कळवलं नव्हतं. काल मागच्या रांगेत टोपी खाली ओढून बसलो. तुला ठाऊकच आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा म्हणजे चेंडू सगळ्यांत जास्त येतात आणि सगळ्यांत वाईट उसळतात. एक चेंडू खड्यावर आपटून थेट त्याच्या तोंडाशी आला. पोराने तो उघड्या हाताने घेतला आणि पाय टेकायच्या आत फेकला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मला मेल्याला रडू आलं.

मॅनेजर म्हणतो, पोरगं अजून अठराचंही नाही, अंग भरलं की त्याचे चेंडू कुंपणापार जातील, दोन वर्षं थांबू. मी मान डोलावली.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं आहे. सामन्यानंतर मोटारींपाशी तो पाठमोरा उभा होता, आसपास कोणी नव्हतं. मी हळूच एलिसेओ म्हणून हाक मारली. दोनदा मारली. तो वळला नाही. मग नोएल म्हटलं, तेव्हा लगेच वळला आणि गळ्यात पडला. मी हसलो खरा, पण मला जेवण गेलं नाही.

नावाचं यंदा राहू दे. कोणाला वर चढवायचं असलं की क्लब गावात माणूस पाठवून चौकशी करतो, आणि क्रूस कोणालाही वाचता येतो. एक वर्ष कळ काढ. एमेतेरियाआजींना म्हणावं, देवाला आपली सगळी घरं ठाऊक आहेत, पत्ता लागत नाही.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
लुदोविनो

---

कोन्सुएलो, २ जून १९९१

ती. दादास,

नमस्कार. रागात लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

एक वर्ष, हे तू गेल्या वर्षीही म्हणाला होतास.

रविवारी पेत्रोनाकडे त्याचा फोन आला. भोवती सहा बायका कान देऊन उभ्या. गल्लीला सगळं माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. त्याने रोजच्यासारखा आशीर्वाद मागितला. मी म्हटलं, देव तुझं भलं करो, नोएल. जिवंत लेकराला मेलेल्याच्या नावाने आशीर्वाद दिला, आणि मेलेल्याला तर नावच नाही. घरी येऊन केळी उकडत ठेवली, त्यांचा कोळसा झाला. फोन ठेवताना पोराने काय विचारावं, तर तिकडच्या फुलांना पाणी घालतेस ना. नाव त्यालाही घेता येत नाही.

तरी नीट ऐक. एलिसेओच्या पुढचं ताट ओढून मला नोएलला वाढायचं नाही. तो खरोखर वर पोचणार असेल, त्या मोठ्या मैदानावर उभा राहणार असेल, तर मी आणखी दहा वर्षं तोंड मिटून बसेन. नोएलही थांबेल, भावावर त्याचा जीव होता. पण पोचणारच नसेल, तर हे सगळं कशासाठी?

तू तीस वर्षं परक्यांच्या पोरांबद्दल खरं लिहीत आलास. माझ्या पोराबद्दल मला एकदा खरं लिही. क्लबला लिहितोस तसं, गोड करून नको. मग काय करायचं ते मी ठरवीन.

आशीर्वाद असू दे, उत्तरही असू दे.

ओतिलिया

---

बेलमोर, १८ जून १९९१

चि. ओतिलिया हिस,

अनेक आशीर्वाद. चार कागद फाडून हा पाचवा.

हात म्हणशील, तर मी जन्मात पाहिलेल्यांत पहिल्या पाचांत. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आमच्या धंद्यात पोराच्या तोंडावर असं बोलत नाहीत, हवा डोक्यात जाते. चेंडू कुठे येणार ते त्याला आधी कळतं, हे शिकवून येत नाही. पण पहिल्या बेसवर पोचायला त्याला दोन वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. माझं घड्याळ खोटं बोलत नाही. चेंडू बॅटला लागतो, पण लांब जात नाही. अठराच्या पोराबद्दल मी थांबा असं लिहिलं असतं, कारण अठराचं पोर वाढतं. आपला एकवीसचा आहे. त्याचे खांदे जेवढे व्हायचे तेवढे झाले. हे सगळे ज्या दोन वर्षांची वाट बघताहेत, ती कधीच येऊन गेली, तुझ्या हातचं कुस्करलेल्या केळ्यांचं मांगू खाण्यात आणि कारखान्यामागच्या मैदानावर.

तो वर पोचणार नाही, ओतिलिया.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं. आणि हेही खरं की मी नोएलची तीन वर्षं चोरली, आणि ज्याच्यासाठी चोरली त्याच्या ती कामी आली नाहीत. हा अन्याय माझाच.

क्लबचा कागद एकतीस जुलैला द्यायचा आहे. खरं लिहिलं तर महिन्याभरात त्याला घरी पाठवतील. मॅनेजरच्या होला हो केलं तर आणखी दोन वर्षं खेळेल, नोएलच्या नावावर. पोराला मी काही बोललो नाही. त्याला चेंडूमागे धावताना बघितलंस तर तुझ्याही तोंडून शब्द निघणार नाही. तू म्हणशील ते लिहीन.

भावाला टाकू नकोस.

लुदोविनो

---

कोन्सुएलो, १० जुलै १९९१

ती. दादास,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, पण माझं ठरलं होतं. नऊ तारखेला नाव घ्यायचं आणि तुला खरं लिही म्हणून कळवायचं. निळ्या रंगाचा डबाही आणून ठेवला होता.

सात तारखेला क्लबचा माणूस आला, चकचकीत बुटांचा. मुलं किती, गेलं कोण, सगळं विचारलं. मी म्हटलं, परवा घरात प्रार्थना आहे, कॉफीला या. दारात आलेल्याला आपण म्हणतोच ना, जीभ आपोआप वळली. तो खरंच आला. कप घेऊन मागच्या खुर्चीत बसला.

एमेतेरियाआजींनी माळ हातात घेतली आणि कोणाच्या नावाने म्हणून विचारलं. दादा, तोंडात नोएलच होतं. पण डोळ्यांपुढे एलिसेओ आला, उघड्या हाताने चेंडू घेणारा, तू लिहिलास तसा. नाही पोचला तर नाही, पण दोन वर्षं खेळू दे, असं वाटलं.

मी म्हटलं, “एलिसेओ.”

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, “एलिसेओच्या आत्म्याला शांती दे.” त्यांच्यामागे सगळी गल्ली म्हणाली. पेत्रोना म्हणाली, त्याला खेळ शिकवणारा चेपे म्हणाला, त्याच्या वर्गातली पोरं म्हणाली. एकानेही मान वर केली नाही. माळ संपेपर्यंत माझ्या जित्या लेकरासाठी हे चाललं होतं. नंतर चुलीपाशी येऊन आजी म्हणाल्या, आज आपण सगळ्यांनी मिळून पाप केलं, आता सगळ्यांनी मिळून गप्प बसू.

त्या माणसाला आज सकाळी कबर बघायची होती. म्हणून कालच चेपेने त्या निळ्या रंगाने क्रुसावर एलिसेओ असं लिहिलं. अक्षर सुरेख आलं आहे. माणसाने टोपी काढली, वहीत टिपून घेतलं आणि गेला.

तू मॅनेजरच्या मनासारखं लिही. आणि एलिसेओला यातलं कधी काही कळू देऊ नकोस.

मला फार एकटं वाटतं आहे. लवकर लिही.

ओतिलिया

---

बेलमोर, १० जुलै १९९१

ती. आईस,

शि. सा. न. आशीर्वाद शेवटी मागणार आहे, आधी सगळं सांगू दे.

परवा नोएलचा वाढदिवस होता, कागदावर माझा. सामन्याआधी पोरांनी केक आणला. वर त्याचं नाव आणि अठरा मेणबत्त्या. कर्ण्यावरून जाहीर केलं आणि सगळं मैदान उभं राहून गायलं. आई, तो पंधराचा झाला तेव्हा आपल्याकडे केक नव्हता, ताप होता. तू पावाच्या तुकड्यावर एक मेणबत्ती लावलीस आणि त्याच्यात फुंकायचंही त्राण नव्हतं. मला म्हणाला, तू फुंक. मी फुंकली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. परवा सगळे फुंक फुंक म्हणत होते. मला जमलं नाही. मेणबत्त्या केकवरच वितळून गेल्या आणि पोरं लाजाळू म्हणून हसली.

काल सकाळी मी कचेरीत गेलो आणि माझं नाव सांगितलं. वयही सांगितलं. मामाचं नाव घेतलं नाही, पण दुपारी मामानेच येऊन आपलं सगळं सांगून टाकलं. त्याचंही काम गेलं. तो रागावलेला नाही. बाकावर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, तुझे हात मी पाहिलेल्यांत पहिल्या पाचांत. मला वाईट वाटतं आहे, नाही म्हणत नाही. सकाळी हातमोजा पिशवीत भरताना फार वाईट वाटलं.

आम्ही अठराला येतो, हे पत्र बहुधा आमच्याच बरोबर पोचेल. काल तू घरात प्रार्थना केली असशील आणि त्याचं नाव घेता आलं नसेल, हे मला ठाऊक आहे. आता घेता येईल. मी घरी येण्याआधी सरळ नोएलकडे जाणार आहे. त्याचा क्रूस कोरा आहे तो तसाच राहू दे, कोणाला हात लावू देऊ नकोस. रंग मी घेतला आहे, निळा, त्याला आवडायचा तो. पहिलं अक्षर मला लिहायचं आहे.

आता आशीर्वाद दे. या वेळी माझ्या नावाने दे.

तुझा,
एलिसेओ