‘बहर’ कोणाच्या नावे करावा

मी, खाली सही करणारी, धंद्याने कापडावरच्या नक्षीची डिझायनर, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांनी मसुद्यात “माझे मन स्वस्थ व स्थिर असून” असे घातले होते, ते मी खोडायला लावले. मन स्वस्थ असते तर भर उन्हात त्यांना जिना चढायला कशाला लावले असते? यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी स्वतःचीच फार आरती ओवाळली होती.

कलम एक. हे राहते घर, म्हणजे वरच्या खोल्या, खालचा माझा कामाचा हॉल आणि त्यामागची रंगांची कोठी, मी मुलगा व सून या दोघांना समान हक्काने देते. मुलगा माझा एकुलता आहे आणि गुणीही आहे, त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याचे वडीलही गुणीच होते, तरी या घराच्या कागदांवर माझे नाव चढवून घ्यायला मला त्यांच्याशी अबोला धरावा लागला होता. सुनेवर तशी पाळी येऊ नये. गच्चीचे दार पावसाळ्यात फुगते. ते तासून घ्यावे, लाथ मारून उघडू नये. हे मुलासाठी लिहिले आहे.

कलम दोन. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नातीचे. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण जन्मली तेव्हा तिचे नाक तेवढेच होते. ती ते शिकण्यावर उडवो की भटकण्यावर, कोणी लुडबुड करू नये. मात्र कापडाच्या धंद्यात घालते म्हणाली, तर वकीलसाहेबांनी तिला एकदा समोर बसवून भानावर आणावे.

कलम तीन. माझे काचेचे टेबल, ज्याच्या खाली दिवा लागतो ते, आणि सगळे कुंचले बटणला. बारीक कुंचले साबणाने धुवावेत, नळाखाली धरून झोडपू नयेत. माझ्या छपाईच्या जाळ्यांच्या जुन्या सागवानी चौकटी माझ्या धाकट्या भावाने न विचारता नेल्या आणि त्यांचे कोंबड्यांसाठी खुराडे केले. त्या चौकटी मी त्यालाच देते. कोंबड्या त्याच्याच आहेत. त्याच्याशी मी बोलणे टाकले आहे आणि ते पुन्हा सुरू करण्याची माझी इच्छा नाही. पण हे वाचताना त्याला हसू आले, तर लिहिताना मलाही आले होते हे त्याला कळवावे.

कलम चार. आता ज्याच्यासाठी वकील बोलावला ते.

माझ्या सगळ्या कामातली एकच नक्षी अजून कोणी विकत मागते. तिचे नाव ‘बहर’. तिचा हक्क माझ्याकडे आहे, कंपनीकडे नाही. कापड कंपनीचे धाकटे मालक ती पुन्हा छापायची म्हणून माझ्या मागे लागले आहेत. माझ्या पश्चात त्यांना हो म्हणायचे की नाही, हे कोणी ठरवायचे ते मला इथे लिहायचे आहे. हे सांगताना मला वर मान करून बघवत नाही, म्हणून लिहून घेणाऱ्या वकीलसाहेबांना मी खिडकीशी बसवले आहे आणि टेबलाकडे बघून सांगते आहे.

मला कंपनीने तरुणपणी दक्षिणेकडच्या एका जुन्या शहरात पाठवले होते. हिंडून या, आणि त्या शहरावर पडद्यांच्या कापडांची एक मालिका करून द्या, असे काम होते. मी हरखून गेले होते. झडपांच्या उंच खिडक्या, खांबांवरचे कंदील, गोल दगडांची फरसबंदी, खाऱ्या हवेने पोपडे धरलेल्या गुलाबी आणि पिस्ता रंगाच्या भिंती. मी वह्या भरत सुटले. आमच्या गुरुजींनी एक पद्धत शिकवली होती. कोणतीही वस्तू काढायच्या आधी डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत राहायचे. ती काय आहे हे विसरून जाईपर्यंत बघायचे. नुसता आकार उरला की मगच कागदाला पेन्सिल लावायची. त्यात माझा हात कोणी धरत नसे.

त्या शहराच्या जुन्या भागात एक लांबच लांब भिंत होती. तिच्या माथ्यावर लोखंडी काम होते. एका आडव्या दांड्याला सुळ्यांचा गुच्छ, मग थोडे अंतर, पुन्हा तसाच गुच्छ. मी डोळे किलकिले केले आणि सुळ्यांच्या पाकळ्या झाल्या. भिंतीच्या आत काय होते, हे मी कोणाला विचारले नाही. भाषा अडत नव्हती, गाडी चुकत नव्हती, समोर पायरीवर दोन म्हाताऱ्या रिकाम्या बसल्या होत्या. विचारायचे सुचलेच नाही. मला आकार मिळाला होता.

ती मालिका चालली, आणि ‘बहर’ तर डोक्यावर घेतला गेला. पडदे, उशांचे अभ्रे, पाळण्यात घालायची दुपटीसुद्धा. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे पुष्कळ होते आणि मीही शिडी न मागता चढत होते.

पुढे मुलाने लग्न ठरवले, ते नेमके त्याच शहरातल्या मुलीशी. मला आकाश ठेंगणे झाले. लग्न इथेच झाले. त्याआधी मी घरातल्या प्रत्येक खिडकीला ‘बहर’ शिवून लावला. सून आत आली तसे मी हात पसरून म्हणाले, “बघ, तुझं अख्खं गाव तुझ्यासाठी टांगून ठेवलंय!”

तिने एका पडद्याची कड सरळ केली आणि म्हणाली, “खूप मेहनत घेतलीत, आई.” मी ते कौतुक समजले आणि पुढे येईल त्याला ऐकवत राहिले.

बटण चार-पाच वर्षांची असताना एके दिवशी कंपनीची माणसे घरी जेवायला आली होती. पोर पडद्यात स्वतःला गुंडाळून खेळत होती. तिने एका पाकळीवर बोट ठेवले आणि विचारले, “आई, हे काय आहे?”

सून वाढत होती. ती न थांबता साध्या आवाजात म्हणाली, “सुळे आहेत, बाळा. भिंतीवरचे. हात लागला की रक्त येतं.”

मी म्हणाले, “काहीतरीच काय सांगतेस पोरीला! फुलं आहेत ती. मी काढली आहेत, मला माहीत नाही?” पाहुणे हसले. तिथे गप्प बसले असते तरी चालले असते. पण माझ्या अंगात आले होते. मी म्हणाले, “सांग तिला. फुलं आहेत म्हणून सांग.”

सून खाली वाकून लेकीला म्हणाली, “फुलं आहेत, बाळा.” आणि पुढच्या ताटात वाढायला गेली.

पाहुणे गेल्यावर मुलाने मला कामाच्या हॉलमध्ये नेले आणि दार लावून घेतले. त्याने सांगितले, त्या भिंतीआड माणसे कोंडत असत, गोदीवर राबण्यासाठी विकत आणलेली माणसे. सुळे बाहेरच्या चोरांसाठी नव्हतेच. ते आतल्या बाजूला वाकवलेले होते. तो बाक मी हुबेहूब उतरवला होता. त्या बाकामुळेच नक्षीला ओघ आला आहे, असे मी जाईन तिथे भाषणात सांगत असे. सुनेची पणजी ती भिंत चढून निसटली होती. तिचा उजवा तळहात फाटला तो फाटलाच. तिला पुढे जन्मभर मूठ वळता आली नाही. मुलाला हे लग्नाआधीपासून ठाऊक होते. सुनेनेच त्याच्याकडून वचन घेतले होते की आईंना सांगायचे नाही.

दुसऱ्या दिवशी सून इस्त्री करत होती. मी तिच्यासमोर जाऊन विचारले, “तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही किती आनंदानं लावले होते, आई.”

“तरी सांगायचं.”

तिने इस्त्री उभी ठेवली. “काल सांगितलं ना. सगळ्यांसमोर.”

मी म्हणाले, “पण नक्षी म्हणून ती चांगलीच आहे ना?” हे वाक्य मी लेखी नोंदवते आहे, कारण तोंडी मी ते नंतर पुष्कळदा फिरवून सांगितले आहे. आणि पडदे मी तेव्हाही काढले नाहीत. पुढच्या महिन्यात एका मासिकाचे लोक घराचे फोटो काढायला यायचे होते. ते येऊन गेले, फोटो छापून आले, मग मी पडदे उतरवले. उतरवले म्हणजे काय, मी नुसते सांगितले. सुनेनेच ते उतरवले, धुतले, इस्त्री केले आणि घडी घालून मला आणून दिले. मला शरमेने ते हातात धरवेनात, आणि टाकवेनातही.

आता कंपनीचे धाकटे मालक म्हणतात, नव्या रंगांत ‘बहर’ आणू, लहान मुलांच्या खोल्यांसाठी. त्यांना मी “कळवते” म्हणाले. नाही म्हणाले नाही. खरे सांगायचे तर मला गुदगुल्या झाल्या होत्या. या वयात, एवढे सगळे कळल्यावरही झाल्या. लाज वाटते ती सगळ्यात जास्त याची.

कलम पाच. सबब ‘बहर’ या नक्षीचा संपूर्ण हक्क, मूळ चित्रासह, मी माझ्या सुनेला एकटीला देते. पहिल्या मसुद्यात मी “ही नक्षी पुन्हा कधीही छापू नये” असे सांगितले होते आणि मला स्वतःचे फार भारी वाटले होते. नंतर ते काढून टाकले. एकदा मी तिला काय बोलायचे ते पढवले आहे, पुन्हा पढवणार नाही. छापावे, जाळावे, कोणाला द्यावे, ते ती ठरवील. कोणी तिला कारण विचारू नये.

कलम सहा. मी गेल्यावर माझ्या अंगावर नक्षीचे कापड घालू नये. साधे घालावे.

वरील मजकूर वकीलसाहेबांनी सर्वांसमोर वाचून दाखवला. त्यानंतर जे घडले ते सहीच्या आधी लिहावे असे मी सांगितले. ते म्हणाले, “बाई, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत.” मी म्हणाले, मग दुसरा कागद आणा आणि त्याला टाचा.

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती आत आली.

“मला पाचवं कलम नको आहे, आई.”

मी म्हणाले, “तुझ्याशिवाय कोणाचा हक्क आहे त्याच्यावर?”

“हक्काचं बोलत नाहीये मी. तुम्ही गेल्यावर ते मालक माझ्याकडे येणार. नाही म्हणायचं ते मी म्हणायचं. चार लोक विचारणार, सासूच्या एवढ्या चांगल्या कामाला सून नाट का लावते? ते मी ऐकायचं. तुम्ही जिवंत आहात ना? मग तुम्ही म्हणा.”

मुलगा म्हणाला, “अगं, आईची तब्येत बघ.” सून म्हणाली, “बघते आहे. रोज मीच बघते.”

मी फोन मागितला. बोटे नीट चालत नाहीत म्हणून नंबर बटणने लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. धाकटे मालक मोठ्या उत्साहाने म्हणाले, “बोला मॅडम! कधी पाठवू माणूस?”

मी म्हणाले, “पाठवू नका. ‘बहर’ छापायचा नाही. मी असताना नाही आणि नंतरही नाही.”

“अहो, पण का? एवढी गोड फुलं आहेत.”

“ती फुलं नाहीत. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून भिंतीवर लावलेले सुळे आहेत. मी चुकीचं काढलं आणि कळल्यावरही गप्प बसले.”

ते म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? हे कोणाला कळणार आहे?”

“माझ्या सुनेला कळतं,” मी म्हणाले. “आणि तिच्या लेकीला खोटं सांगायला मी तिला लावलं होतं. ती लेक इथेच बसली आहे.”

त्यांनी लेखी पाठवा म्हटले. ते पत्र वकीलसाहेबांनी लगेच तयार केले, मी सही केली, आणि मुलगा ते स्वतः नेऊन देणार आहे. मूळ चित्र मी सर्वांदेखत उभे-आडवे फाडले. जाड कागद होता. बटणला मदत करावी लागली.

म्हणून कलम पाच रद्द. वर ते वाचता येईल असे ठेवून त्यावर नुसती रेघ मारली आहे. देण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.

मी सुनेला विचारले, “मग आता तुझ्या एकटीच्या नावानं काय लिहू? सांग. जे म्हणशील ते.”

फाटलेले तुकडे गोळा करता करता ती म्हणाली, “त्या शहरात तुम्ही गेलात, आई. माझ्या घरी एकदाही नाही आलात. दर वर्षी मी विचारायचे. माझी आई दर वर्षी तुमच्यासाठी खोली झाडून ठेवायची.”

मला आठवले. दर वर्षी मला काम असायचे. आता मी पलंगापासून या टेबलापर्यंत येते ती दोन माणसांच्या आधाराने, आणि तिची आई दोन हिवाळ्यांपूर्वी गेली.

वकीलसाहेबांनी विचारले, कलम पाचच्या जागी काय घालू? मी म्हणाले, काही घालू नका. त्याच्या खाली तेवढी जागा मोकळी सोडा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल की मी सुनेला तिच्या एकटीचे असे काही देऊ शकले नाही.

वरील सर्व मजकूर मी ऐकला, तो माझा आहे, आणि मी तो समजून-उमजून कबूल करते.

सही : (थरथरलेली आहे, पण माझीच आहे)

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली :
साक्षीदार : कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
साक्षीदार : समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

ठिकाण : राहत्या घरी, जेवणाचे टेबल
दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तोच