उमरखेडची नेमणूक

घाटंजी, १७ एप्रिल २०२३

सेवादास भाऊजी यांस,
मोतीवहिनीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

वार्षिक परिषदेच्या शेवटी बिशपसाहेबांनी नेमणुकांची यादी वाचली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. आर्णीला कोण, घाटंजीला कोण, ऐकत होते. मग उमरखेडला ह्यांचं नाव आलं. तुमचे दादा मागच्या जुलैतच वारले. माती द्यायला बिशप स्वतः आले होते. तरी सगळ्या सभेने आमेन म्हटलं. चिटणीस म्हणून तुमचा आवाज सर्वांत मोठा.

अभिनंदन. बिशपांचा अधिकार आता कबरीपर्यंत पोचला. मेथडिस्ट पाळकाने बदलीला नाही म्हणायचं नसतं. सव्वीस वर्षांत नऊ बदल्या झाल्या, हे एकदाही काहून, कशाला म्हणाले नाहीत. आताही म्हणणार नाहीत. सामानाचा ट्रक कधी पाठवता?

लोभ ठेवा, निदान यादी तपासण्याइतका.
मोतीबाई

नागपूर, २४ एप्रिल

ती. वहिनींस,
सेवादासचा नम्र सलाम. वि. वि.

चूक माझी. दादांची ही बदली मागच्या जूनमध्येच ठरली होती. त्या कच्च्या यादीवरून मी नवी उतरवली. बिशपांना सांगितलं. ते म्हणाले, वाचलेली नेमणूक वाचलेली, आता बोभाटा नको. नाव खोडलं तर उमरखेड पाळकाविना रिकामं दिसेल, आणि रिकामी मंडळी आर्णीला जोडून चर्चला कुलूप लावायचं ठरलं आहे. तिथे सोळा कुटुंबं आहेत. म्हणून गप्प राहा, वहिनी.

घाटंजीला नवे पाळक येताहेत. पाळकगृह ३१ मेपर्यंत सोडावं लागेल.

रागवा, पण दिराला परका करू नका.
सेवादास

घाटंजी, २ मे

भाऊजींना सलाम. वि. वि.

गप्प बसा आणि घर सोडा, दोन्ही हुकूम एकाच पाकिटात. बरं केलंत.

ह्यांचं नियमांचं पुस्तक पुन्हा वाचलं. समासात ह्यांची पेन्सिल आहे, म्हणून जरा हळू वाचलं. बिशपने काय काय करावं, ते पानोपानी आहे. बिशपने चुकलो असं कसं म्हणावं, ते मला सापडलं नाही. पण पाळक नसेल तिथे परवानाधारक सभासदाने उपदेश करावा, असं आहे. परवाना मी बारा वर्षांपूर्वीच परीक्षा देऊन घेतला आहे. तेव्हा तुम्ही हसला होता.

तर उमरखेडला नेमलेल्या पाळकाच्या घरी पाळकाची बायको राहायला जाते आहे. अडवायचं असेल तर बिशपांनी सहीनिशी कळवावं, की आम्ही मयताला नेमलं.

लोभ असू द्या, आणि ट्रकही.
मोतीबाई

उमरखेड, १२ जून

भाऊजींना सलाम. वि. वि.

बिशपांचं पत्र आलं नाही. येणार नव्हतंच. चर्चचं कुलूप मात्र टळलं. काल तिसरी उपासना घेतली. माझा उपदेश लांबतो, अशी तक्रार आहे, म्हणजे लोक ऐकतात.

इथल्या हंसाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, पाळकसाहेब कवा येऊन राह्यले? मी सरळ सांगितलं, वारले. त्या म्हणाल्या, मंग नेमलं कायले? मी म्हटलं, ते बिशपांना विचारा. हंसाबाईंनी तर दारावरच्या पाटीवर ह्यांचं नाव रंगवूनही घेतलं होतं. ओशाळून म्हणाल्या, पुसून टाकू काय?

बिशपांच्या हुकुमावर आपण कसा बोळा फिरवायचा, असं मी म्हटलं. तेवढ्यावर भागलं. रोज सकाळी पाटीवरची धूळ तेवढी पुसते.

पुढच्या परिषदेत यादी नीट करा. माझं नाव घालायची हिंमत झाली तर घाला. पण त्याआधी घाई नको. तोवर कुणी विचारलं तर सांगायला मला एक गाव आहे: हे उमरखेडला असतात.

तुमची वहिनी,
मोतीबाई