माझ्याइतका नम्र कोणी नाही

२ जून, मंगळवार

आतली बातमी. राणीसाहेबांचं सल्लागार मंडळ लहान होणार. नऊ जणांपैकी तिघांना नारळ! राजवाड्यातली सेक्रेटरी अनासेइनी चर्चच्या गायकवृंदात माझ्या बायकोशेजारी, मेलेआनेशेजारी उभी राहते. तिनेच भजनाच्या दोन कडव्यांमध्ये सांगितलं.

तिघांत सुनिया असणार. नक्की. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि मंडळात माझ्यापुढे बसतो. हे किती दिवस चालणार? राणीसाहेबांना डोळे आहेत.

ठरवलं : सुनियाला काढलं की हसायचं नाही. संध्याकाळी टोपलीभर सुरण घेऊन सांत्वनाला जायचं. चांगले मोठे सुरण. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल की कोणी आणले.

३ जून, बुधवार

बाजारात सुनिया दिसला. टरबुजं टिचकी मारून बघत होता. चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही. बिचाऱ्याला काही माहीत नसणार.

आमच्या बेटांवर रिवाज म्हणून कमरेला विणलेली चटई गुंडाळतात; याच्या कमरेला तीच आजीची चटई. चहासारखी तपकिरी झालेली, कडा झिजलेल्या. मागच्या बैठकीत राणीसाहेबांनी खास थांबून विचारलं की ही किती पिढ्यांची? माझी चटई कोरी करकरीत, मेलेआनेच्या बहिणीने सहा महिने बसून विणलेली. तिच्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. जुनं असणं यात सुनियाचं काय कर्तृत्व?

घरी येऊन हे सगळं बोललो. मेलेआने मासे साफ करत होती. म्हणाली, अहो, काहीतरी जळतंय बघा. मी चुलीकडे जाऊन आलो. चूल पेटवलेलीच नव्हती.

५ जून, शुक्रवार

मंडळाची बैठक. नवा संकल्प अमलात आणला :

डुलकी नाही. (शेवटी शेवटी डोळे मिटले, पण ते विचार करायला.)

धक्क्यावरच्या दिव्यांविषयी सुनिया बोलला. राणीसाहेब लगेच म्हणाल्या, करून टाका. एवढी घाई बरी नव्हे. मी राजवाड्याच्या हिरवळीत शिरणाऱ्या मोकाट डुकरांचा प्रश्न पुन्हा मांडला. हा विषय मी मंडळात आल्यापासून लावून धरला आहे. राणीसाहेब म्हणाल्या, बघू. सुनियाला नुसतं करून टाका, आणि मला बघू! बघू म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनियाला उत्तर देताना कागदाकडे पाहत होत्या. फरक कळणाऱ्याला कळतो.

७ जून, रविवार

चर्च. सुनियाने एकट्याने एक कडवं गायलं. समोरच्या बाकावरच्या दोन विधवा रडल्या. आवाज बरा आहे, पण उच्चार?

पाद्रीबाबांचं प्रवचन मत्सरावर. फार प्रभावी. सुनियाला चांगलंच लागलं असणार. मेलेआने पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती, मी मात्र सुनियाकडे बघून तिला खुणावत होतो.

दुपारी भट्टीतलं जेवण, नारळाच्या दुधातलं. जेवून झोप. रविवारी या राज्यात दुसरं काही करायला कायद्यानेच मनाई आहे, ते बरं आहे.

उठल्यावर मेलेआनेने महत्त्वाचं सांगितलं. शुक्रवारी राजवाड्यात काव्हाची, म्हणजे आमच्या त्या मुळ्या कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाची बैठक. वाटी हातात आली की प्रत्येक सदस्याने राणीसाहेबांसमोर स्वतःविषयी चार शब्द बोलायचे. त्यानंतर निर्णय.

८ जून, सोमवार

म्हणजे मैदान माझंच.

राजघराण्यासमोर स्वतःविषयी बोलायचं म्हणजे स्वतःला खाली पाडून बोलायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दहा डुकरं भाजून मांडली तरी यजमान म्हणतो, माफ करा, गरिबाघरी खायला काही नाही. मग पाहुण्यांनी ओरडायचं, छे छे, असं कसं! जो जास्त खाली वाकेल तो जास्त खानदानी. आणि नम्रतेत या राज्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, पण आहे.

आरशासमोर सराव सुरू. मान कुठे झुकवायची, आवाज कुठे कापरा करायचा. मेलेआने म्हणाली, अनासेइनी सांगत होती की राणीसाहेबांना थोडक्यात आवडतं. अनासेइनी ऑकलंडला शिकून आली आहे. तिला रीतभात काय कळते!

१० जून, बुधवार

सुनियाच्या अंगणात काव्हा प्यायला गेलो. हेरगिरी म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून. दोन वाट्यांनी जीभ बधिर झाली, तरी खुबीने विषय काढला. तो भोळा, सगळं ओकला. म्हणाला, पेनी लेका, मी म्हणणार मी एक मोडकं वल्हं आहे, आणखी काय बोलायचं असतं?

मोडकं वल्हं! वाईट नाही. मला का सुचलं नाही? रात्रभर तळमळलो.

पहाटे सुचलं. तो वल्हं तर मी आख्खी कुजकी होडी. वाळवी लागलेली. बुडाला भोक. आता बोल म्हणावं.

११ जून, गुरुवार

भाषणात भर घातली : बहिरेपणा, म्हातारपण, विसराळूपणा. मेलेआनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, यातलं काही खोटं आहे का? मी म्हटलं, तीच तर कला आहे. ती म्हणाली, थोडं कमी करा, माझं ऐका, माणसं ऐकलेलं खरं धरतात. बायकांना राजकारण कळत नाही.

१२ जून, शुक्रवार

माझ्या आयुष्यातला मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

सगळे गोल करून मांडी घालून बसलो. राणीसाहेब मधोमध. पुकारणाऱ्याने आधी सुनियाचं नाव घेतलं. (नेहमीप्रमाणे. असो.) सुनिया म्हणाला, मी मोडकं वल्हं आहे, पण कधी पाण्यावर तरंगताना दिसलो तर सरकारांनी उचलून घ्यावं. बस. वाटी रिकामी केली आणि टाळी वाजवून मोकळा. याला नम्रता म्हणतात? शेवटी उचलून घ्या म्हणतो. हावरट!

मग मी. राणीसाहेब, म्हटलं, मी वाळवी लागलेली होडी. मला ऐकू कमी येतं आणि जे येतं ते समजत नाही. बैठकीत मी झोपतो. डुकरांविषयीचा माझा सल्ला डुकरांनीही मनावर घेतलेला नाही. मी इथे केवळ जेवणासाठी येतो. या चटईवर एखादा तरुण हुशार माणूस शोभला असता, त्याची जागा मी अडवून बसलोय. माणसं कमी करायची तर सरकारांनी सुरुवात माझ्यापासून करावी, हाच माझा अखेरचा सल्ला!

आवाज शेवटी असा कापला की मलाच भरून आलं.

मग थांबलो. आता छे छे, असं कसं, असा गलका व्हायला हवा. रीत आहे. शांतता. बाहेर कोंबडा आरवला. लोक इतके भारावले होते की रीतही विसरले. एकटा सुनिया मोठ्याने म्हणाला, छे छे, असं कसं, पेनीशिवाय मंडळ कसलं! तिथेही पुढे पुढे. माझ्या भाषणातली एवढी एक जागा दुसऱ्यासाठी ठेवली होती, तीही यानेच बळकावली.

राणीसाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. म्हणाल्या, पेनिसिमानी, इतक्या वर्षांत तुमचं म्हणणं मला आज पहिल्यांदा मनापासून पटलं.

पहिल्यांदा! मनापासून! सुनियाला हे कधी ऐकायला मिळालं?

१३ जून, शनिवार

सकाळी राजवाड्याची गाडी दारात. त्यातून भाजलेलं डुक्कर उतरलं, एवढं मोठं की दोघांना धरावं लागलं. अनासेइनी स्वतः आली. म्हणाली, काका, राणीसाहेबांनी प्रेमाने पाठवलंय. माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडेना. बाहेरदेशी शिकलेल्या मुली जरा हळव्या होतात.

चौकशी केली. सुनियाकडे डुक्कर गेलेलं नाही! पिल्लूसुद्धा नाही! पाठीचा चांगला भाग कापून मी स्वतः त्याच्याकडे नेला. म्हटलं, मन खट्टू करून घेऊ नकोस. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. म्हणाला, पेनी, तू बरा आहेस ना? जळतो बिचारा.

मेलेआने जेवली नाही.

१५ जून, सोमवार

रेडिओ. दुपारच्या बातम्या.

मंडळातून तीन सदस्य कमी. एक, जो कित्येक वर्षं सिडनीत राहतो. दुसरा, जो गेल्या वर्षी वारला. तिसरे, श्री. पेनिसिमानी : ‘वय आणि प्रकृतीमुळे, स्वतःच्या कळकळीच्या विनंतीवरून. तिचा अव्हेर करणं राणीसाहेबांना जड गेलं असतं.’

काहीतरी चूक आहे. उद्या दुरुस्ती येईल.

१६ जून, मंगळवार

दुरुस्ती आली नाही. हवामान आलं.

अनासेइनीला फोन केला. म्हटलं, पोरी, ती बोलायची रीत असते, ते काय कोणी खरं धरतं? ती म्हणाली, काका, राणीसाहेबांना रीत ठाऊक आहे. मग म्हणाली, त्यांना तुम्हाला लोकांसमोर काढायचं नव्हतं हो, तुम्हीच सोपं करून दिलंत.

संध्याकाळी सुनिया आला. टोपलीभर सुरण घेऊन. मोठे मोठे. काल सकाळीच तो राणीसाहेबांकडे जाऊन आला म्हणे. पेनीला ठेवा, हवं तर माझी जागा घ्या, असं म्हणाला. त्या म्हणाल्या, त्याने स्वतः मागितलंय, मी कशी मोडू? सांगताना सुनियाचे डोळे भरले. मी त्याची समजूत घातली. म्हटलं, अरे, मीच कंटाळलो होतो.

तो गेल्यावर मेलेआनेने पाणी आणून दिलं. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार लागलं आहे. एवढं इथे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही.

१९ जून, शुक्रवार

आज बैठकीचा वार. सकाळी सवयीने अंघोळ केली, सवयीने चटई बांधली. मेलेआने म्हणाली, अहो, कुठे? म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. पाय राजवाड्याकडेच वळले.

फाटकावर नवा शिपाई. चांगल्या घरचा वाटला. वाकून नमस्कार केला, म्हणाला, काका, कोणाकडे काम आहे?

किती तरी नावं डोक्यात आली. माझं नाव सांगून पाहिलं. त्याने यादी पाहिली, पुन्हा वाकला, म्हणाला, माफ करा, दिसत नाही.

मग म्हटलं, मी सुनियांचा मित्र.

लगेच फाटक उघडलं.