शेजारघराचा दाखला

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेकीकडे सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो, खिडक्या उघडून घराला वारा देतो. टपाल आणि किल्ली दोन्हींवर माझं लक्ष आहे, तू काळजी करू नकोस.

आता माझी बातमी. यंदा माझी घरपट्टी अशी वाढवली आहे, की मी जणू महाल बांधला. म्हणून सध्या माझा मुक्काम मालमत्ता कार्यालयात असतो. तिथे कोणत्याही घराची नोंद मागून बघता येते, कोणतं घर कितीला विकलं गेलं तेही कळतं. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांनी घर केवढ्याला घेतलं आणि गल्लीत केवढ्याला सांगितलं, यातलं अंतर पाहून मी गार पडलो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. या डोळ्यांना इथे मेजवानीच आहे. हरकत घ्यायची तर आपल्यासारखंच, पण कमी पट्टीचं जवळचं एक घर दाखला म्हणून द्यावं लागतं. तसं एक सापडलं आहे. उद्याच अर्ज देतो.

लेकीला आशीर्वाद. तुझा लोभ माझ्या घरपट्टीसारखा वाढत राहो.

तुझा,
धाकटा


१९ एप्रिल

चि. खोडरबरास,
अ. उ. आ.

नात झाली. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. डोळे कुणाचे यावर अजून वाद चालू आहे, नाक मात्र सरळसरळ तुझं आहे आणि त्याला कुणाचा इलाज नाही.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. लेक म्हणाली, निवृत्त झाल्यावर मामाला अखेर मनासारखी नोकरी लागली. हसलो खूप, पण लोकांच्या घरात फार डोकावू नकोस रे. दंतवैद्यांपुढे कधीतरी तोंड उघडावं लागेल. आणि दाखल्याला कुणाचं घर दिलंस ते लिहिलं नाहीस. त्या बिचाऱ्याच्या मागे नसतं लचांड लागायला नको.

लेक आणि जावई मला इथेच राहा म्हणतात. माया आहे त्यांची. पण माझं मन वरच्या खोलीत आहे. दुपारी तिथल्या खिडकीशी पाय पसरून बसलं की इस्पितळातल्या सगळ्या रात्रपाळ्यांचा शीण उतरतो. माझ्या निवृत्तिवेतनात भागतंय तोवर मी माझ्याच दारात बसणार, असं त्यांना सांगून टाकलंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते जपून वापर.

तुझी,
ताई


२३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. नाकाबद्दल वाचून आनंद झाला, पोरीबद्दल वाईट वाटलं.

इकडे विशेष काही नाही. हरकतीची सुनावणी झाली. तुझ्या घरी कार्यालयाचा एक माणूस मोजमापाला येऊन गेला. त्यांची नेहमीची फेरी असावी. मी दार उघडून दिलं. तो एकटाच होता, म्हणून वरच्या खोलीत मोजपट्टीचं दुसरं टोक मी धरलं. कुंड्या ठीक आहेत.

लोभ असावा.

धाकटा


११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझं टपाल इकडे वळवायला मी निघतानाच टपाल कचेरीत सांगून आले होते, हे तुला ठाऊक नसावं. कार्यालयाची नोटीस काल मिळाली. सोबत तुझ्या अर्जाची प्रत आहे. अक्षर सुरेख आहे, एकही खाडाखोड नाही.

तू लिहिलंयस, की शेजारचं घर अर्जदाराच्याच वडिलांनी त्याच वर्षी बांधलेलं असून अर्जदाराच्या घरापेक्षा सर्व बाबतींत सरस आहे. वर नवी, हवेशीर खोली आहे, फरशी उत्तम आहे. मी दोनदा वाचलं. खोली बांधली तेव्हा तू तिला कोंबड्यांचं खुराडं म्हणाला होतास. एवढं कौतुक तोंडावर केलं असतंस तर चहा तरी पाजला असता.

खोलीची नोंद करायची राहिली, ही माझी चूक. ती तुझ्यावर ढकलत नाही. पण मागच्या वर्षांच्या फरकासकट आलेली पट्टी माझ्या निवृत्तिवेतनात बसत नाही, कितीही ओढाताण केली तरी. रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. मी सरळ विचारलं होतं आणि तू मला मोजपट्टीची गोष्ट सांगितलीस.

घर विकून इथेच राहावं असं ठरतंय. गल्लीतले सगळे भाव तुला पाठ आहेत, तर माझ्या घराचे किती येतील ते कळव. कुणी बघायला आलं तर किल्ली तुझ्याकडेच आहे.

तब्येतीला जप. आशीर्वाद देतेच आहे, त्यात खंड नाही.

ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुझी पट्टी कमी दिसली की माझीही उतरवतील, एवढंच डोक्यात होतं. माझी उतरवण्याऐवजी तुझी चढवतील, हे मला सुचलंच नाही. सुनावणीत तिथल्या साहेबांनी सर्वांदेखत उठून माझे आभार मानले. जागरूक नागरिक म्हणाले. माझी पट्टी होती तशीच ठेवली. घरी आलो तर तुझं लचांडवालं पत्र टेबलावर होतं. ते पाहून लाज वाटली आणि तुला खोटं लिहिलं. अर्ज परत घेता येतो का विचारून आलो. मोजणी झाल्यावर येत नाही म्हणाले.

भाव विचारलास तो सांगतो. दंतवैद्यांच्या घराहून तुझ्या घराला नक्की जास्त येतील, आणि ते वरच्या खोलीमुळेच.

रविवारी एक शिक्षक नवरा-बायको घर बघायला आले होते. दोघांनाही पसंत पडलं. बाई खोलीच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. किमतीलाही त्यांनी फार खळखळ केली नाही. निघताना बाईंनी विचारलं, की शेजारी कसे आहेत. चांगले आहेत म्हणालो असतो तर तुझं काम झालं असतं. पण जीभ वळेना. शेजारी मीच, आणि हे घर माझ्या थोरल्या बहिणीचं, असं सांगितलं. मग मी काय केलं तेही सगळं सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. परत आलेले नाहीत.

हेही तुझं नुकसानच केलं असेल तर तसं स्पष्ट लिही. उद्या आणखी एकजण येणार आहेत. त्यांनी शेजाऱ्याबद्दल विचारलं तर काय सांगू, ते तूच कळव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
धाकटा