रोज्याला साबुदाणा

ती. सोजरअक्कास,

धाकट्या दौलतचा साष्टांग नमस्कार. (दोन घालतो आहे, दुसरा आपल्या गजूच्या वाटणीचा.) गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर विचारतो. किन्हीराजात आम्ही खुशाल आहोत. दिवाळीत गजू तुझ्या पाया पडला नाही म्हणून तू फराळाचा डबाही न घेता कारंजाला निघून गेलीस, तेवढं सोडून सगळं ठीक.

तर अक्का, आपला गजू मुसलमान झाल्यापासून आमच्या घरातला हा पहिला रमजान. आवडानं ठरवलं, लेकराच्या उपासात काही कमी पडू द्यायचं नाही. (उपास म्हटला की तुझ्या भावजयीला कोणी शिकवायला नको.) पहिल्याच दुपारी तिनं त्याच्यासाठी मळ्यात केळी, दाण्याचा लाडू आणि चहा पाठवला. पाणीसुद्धा चालत नाही हे कळल्यावर तर ती जास्तच पेटली. रोज संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. कांदा नाही, लसूण नाही, हळद तर नाहीच. पोरगा मुकाट्यानं खात होता. शेवटी त्याचा इथल्या जवळच्या मालेगावचा मित्र हसनैन एकदा रोजा सोडायला आला, तेव्हा कळलं की सूर्य बुडाल्यावर भाकरी-पिठलंसुद्धा चालतं. आवडानं कपाळावर हात मारला.

"मंग तू बोलला काहून नाही?"

"तू एवढ्या हौसेनं करून राह्यली होती, मा."

हसनैननं मात्र तीनदा खिचडी घेतली आणि आईसाठी डबा भरून नेला. आता त्याच्या आईचा, रहमतबीचा, रोज निरोप येतो. इकडून खिचडी जाते, तिकडून खजूर आणि गरम भजी येतात. भजी मी खातो.

मग मलाही चेव आला. बापानं नुसतं बघत बसायचं का? धरला एक रोजा. सकाळी अंगात भलता जोर होता. दुपारी भेंडी तोडता तोडता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी वाफ्यातच आडवा झालो. जाग आली तर गजू माझे तळपाय चोळत होता आणि मला पाणी पाजत होता. त्याचे ओठ सुकलेले. मी म्हटलं, माझ्यापायी तुझा रोजा मोडला रे. तर म्हणतो, "तुमचा मोडला, बाबा. माहा शाबूत आहे."

अक्का, तो आता कोणा माणसापुढे डोकं टेकवत नाही. बापापुढेही नाही. पण त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कोणाच्या नमस्कारानं कधी वाटलं नाही.

तुझा,
दौलत

ता. क. ईदला ये. आवडाची खिचडी नेहमी गोळा होते, हे तुला माहीत आहे. आता अर्धं मालेगाव त्या गोळ्यालाच खिचडी समजायला लागलं आहे. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. राग सोबत आणलास तरी चालेल.

आणखी ता. क. हे पत्र कोणी आणून दिलं ते तू पाहिलंच आहेस. आत्याचं वाचून होईपर्यंत दारातच थांब, असं मीच त्याला बजावलं आहे. एवढ्या उन्हात मोटारसायकलवर आला आहे. पाणी विचारू नकोस, रोजा आहे. नुसतं आत ये म्हण.