अर्जदार तिथे शिकवणार नाही, याबाबत

दिनांक : २३ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग, पंचायत समिती,
श्रीवर्धन, जि. रायगड.

अर्जदार : श्रीमती सगुणा बुधाजी कासारे, निवृत्त मुख्याध्यापिका, बौद्धवाडी, बोर्ली पंचतन.

विषय : अर्जदार इंग्लंडात नातीस शिकवणार नाही, आणि इथे मुलांना शिकवत असल्यामुळे परत येणारच, या दोन्ही गोष्टींचा एकच दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदारास व्हिसा नाकारल्याचे पत्र.
२) आपल्या कार्यालयातील श्री. सुजित यांच्याशी गेल्या सोमवारी झालेले बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, संदर्भ क्र. २ मधील श्री. सुजित हे अर्जदाराचेच विद्यार्थी असून त्यांनी अर्जदारास खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितले, "बाई, शिकवता याचा दाखला आम्ही देतो. शिकवणार नाही याचा दाखला या टेबलावर अजून कोणी मागितला नाही. तुम्ही लेखी द्या, साहेबांपुढे ठेवतो." सबब हा अर्ज. मजकूर लांबला आहे. परंतु थोडक्यात लिहिल्यामुळे अर्जदाराचे एकदा नुकसान झाले आहे, ते पुढे येईलच.

१. अर्जदाराने आपल्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून वाडीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलांचा वर्ग घेते. फी नाही, दारावर पाटी नाही, आपल्या दप्तरी नोंद नाही. मुले येतात, पाढे म्हणतात, भांडतात, पुन्हा पाढे म्हणतात. ज्याला आज येत नाही त्याला उद्या येते, या एका गोष्टीवर अर्जदाराचा विश्वास आहे आणि आजवर एकाही मुलावर हात उगारण्याची वेळ आलेली नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, अर्जदार स्वभावाने शांत आहे. पुढील मजकूर वाचून साहेबांचा तसा समज न झाल्यास नवल नाही.

२. अर्जदाराचा मुलगा रत्नपाल न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर होता. सूनबाई रचना नर्स. तिला इंग्लंडात लीड्स शहरी इस्पितळात नोकरी लागली आणि रत्नपाल तिचा नवरा म्हणून, तिच्या व्हिसावर, चिमुकल्या प्रांजलीला घेऊन मागोमाग गेला. पहिले काही महिने त्याने घरी राहून वरण-भात केला, मुलीच्या वेण्या घातल्या. मग त्याच्या हाताला ओळखीचे काम मिळाले, तेही बंदराचेच. पण साउदॅम्प्टन शहरी, म्हणजे त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. आता तो सोमवार ते शुक्रवार तिथे एका खोलीत तिघांबरोबर राहतो आणि शनिवार-रविवार लीड्सला घरी येतो. बायकोच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्याने दुसऱ्या शहरात काम केलेले चालते का, हे त्याने तिथल्या जाणकाराला आधी विचारून घेतले होते. संसार एक असला आणि घर एक असले की चालते, असे त्याला सांगण्यात आले.

तिथे चालते. वाडीत चालत नाही. "बायकोच्या जिवावर गेला आणि बायकोलाच सोडून ऱ्हायला व्हय?" असे अर्जदारास पाणवठ्यापासून बाजारापर्यंत विचारून झाले आहे.

३. या बाबतीत आपल्या कार्यालयासच साक्षीला बोलवावे लागत आहे, क्षमस्व. अर्जदाराचे यजमान कै. बुधाजी हेही शिक्षक होते. त्यांची शाळा खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यात, आगरदांड्याच्या अंगाला, अर्जदाराची अलीकडे. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मिळावी म्हणून दोघांनी दर वर्षी अर्ज केले. ते मंजूर होईपर्यंत रत्नपाल चौथीत गेला होता. तोवर दर शनिवारी शाळा सुटली की बुधाजी आगरदांड्याहून लाँचने दिघीला येत आणि सोमवारच्या पहिल्या लाँचने परत जात. त्या काळात आपल्या कार्यालयाने किंवा शासनाने, हे नवराबायको आहेत कशावरून, असे एकदाही विचारले नाही. पगारपत्रकावर दोन शाळा होत्या. चूल एक होती.

चूल एक होती हे लिहिताना एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. आगरदांड्याला बुधाजींच्या घरमालकीणबाई त्यांना तव्यावरची गरम भाकरी वाढत. बुधाजी घरी येऊन तिचे कौतुक करीत. अर्जदाराने ती भाकरी कधी पाहिली नाही, तरी तिच्यावर जळण्यात पुष्कळ वर्षे घालवली. पाण्यापलीकडे आपल्या माणसाला दुसरे कोणी जेवू घालते, तेव्हा आभार मानावेत हे अर्जदारास कळते. तोंडून निघत नाहीत.

४. आता मूळ तक्रार. रत्नपाल आठवडाभर दुसऱ्या शहरात आणि रचनाची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. तेव्हा मुलीला सांभाळायला माणूस हवे झाले. गावाकडचे भात झोडून होताच रचनाने आपल्या आईला, म्हणजे अर्जदाराच्या विहीणबाई सखूबाई यांना, बोलावून घेतले. मुलीने आईला बोलवावे यात गैर काही नाही, हे अर्जदाराने स्वतःला अनेकदा समजावले आहे.

सखूबाई म्हसळ्याकडच्या डोंगराआडच्या गावच्या. भातशेती करतात. मनाने उदार आहेत, ही त्यांच्याविषयीची सर्वांत त्रासदायक बाब आहे. त्यांचा पहिला फोटो आला तेव्हा त्या बर्फात उभ्या होत्या, अंगात रत्नपालचा कोट, आणि डोक्यावर गुलाबी लोकरीची कानटोपी. ती टोपी अर्जदाराने प्रांजलीसाठी विणली होती. विचारल्यावर सखूबाई म्हणाल्या, "पोरीला घट व्हते विहीणबाय. माज्या टकुऱ्याला बराबर बसली बगा! तुमचा हात लई चांगला हाय."

५. अर्जदार रोज संध्याकाळी वर्ग चालू असतानाच प्रांजलीला व्हिडिओ कॉल लावते. तिथे तेव्हा दुपार असते. उद्देश असा की, नातीने इथल्या मुलांबरोबर अक्षरे गिरवावीत. ती गिरवतेही. पण मागे बसलेली मुले अखंड "बाई, बाई" करीत असतात. त्याचा परिणाम जानेवारी महिन्यात उघड झाला. फोन प्रांजलीने उचलला, पाहिले, आणि आत हाक मारली, "आजी, ये! बाईंचा फोन आलाय!"

आत होत्या त्या आजी. फोनवर होत्या त्या बाई.

त्या संध्याकाळी वर्ग लवकर सोडण्यात आला. मुलांना कारण सांगितले नाही.

६. यानंतर अर्जदाराने व्हिसासाठी अर्ज करण्याचे ठरवले. बोर्लीच्या बाजारात कु. अमिषा हिचे कॉम्प्युटर सेंटर आहे. सखूबाईंचा फॉर्मही तिनेच भरला होता. जाण्याचा उद्देश काय, या रकान्याशी ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, भेट लिहू ना? सखूआजींचं तेच लिहिलंय." सखूबाईंचे तेच लिहिले आहे, हे ती बोलली नसती तर पुढचे टळले असते. अर्जदार म्हणाली, नुसती भेट घ्यायला कोणीही जाते. लिही, नातीस शिकवणे. अमिषाने पुन्हा विचारले. अर्जदाराने पुन्हा तेच सांगितले, आणि शिकवण्याचा अनुभवही लिहायला लावला.

पुढचा रकाना राहण्याच्या पत्त्याचा. सखूबाईंनी लिहिला होता मुलीच्या घरचा, लीड्सचा. अर्जदारास वाटले, आपण का म्हणून व्याह्यांच्या मुलीच्या घरी पाहुणी व्हावे? मुलगा आपला, तर पत्ता मुलाचा. म्हणून साउदॅम्प्टनचा लिहिला. त्या खोलीत पाचवी गादी टाकायला जागा नाही, हे ठाऊक असून.

तिसरा रकाना, मायदेशी तुमच्यावर काय जबाबदाऱ्या आहेत. बुधाजी गेल्यापासून कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. अर्जदाराने थोडक्यात लिहिले : निवृत्त, एकटी.

७. उत्तर आले ते असे. पाहुणा म्हणून येणाऱ्यास काम करता येत नाही आणि अर्जदार तर शिकवण्यास येत आहे. नात लीड्सला असताना अर्जदार साउदॅम्प्टनला राहून तिला शिकवणार कशी, आणि मुलगा-सून दोन पत्त्यांवर का, याचा उलगडा होत नाही. अर्जदार परत जाईल असे मानण्यास कारण दिसत नाही. तीनही आक्षेपांत अर्जदारास चूक काढता आली नाही, आणि चुका काढण्यातच अर्जदाराचा जन्म गेला आहे.

रत्नपालचा फोन आला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. म्हणाला, "आई, आम्ही दोघं धावपळ करून एक घर धरून ठेवलंय. तू ते कागदावर दोन करून ठेवलंस."

८. येथे तुलनेकरिता नमूद करावेसे वाटते की, सखूबाईंनी परत येण्याचे कारण म्हणून शेत, यजमान भागोजी आणि दोन म्हशी दाखवल्या होत्या. म्हशींचे फोटो जोडले होते. ते मान्य झाले. म्हशीसाठी माणूस परत येते हे इंग्लंडात पटते. मुलांसाठी परत येते, हे पटावे म्हणून अर्जदाराने कोणाचा फोटो जोडावा? वर्गाचा फोटो काढण्याचा प्रयत्न केला. एकही मूल सरळ उभे राहिले नाही.

९. निकड अशी की, सखूबाई भाताच्या आवणीला परत येत आहेत. जूनपासून सप्टेंबरात प्रांजलीची शाळा सुरू होईपर्यंत घरी माणूस लागणार. रचनाने स्पष्ट सांगितले आहे, "आई, तुमचं झालं तर तुम्हीच या. नाही तर आवडामावशीला विचारते." या आवडाबाई म्हणजे सखूबाईंच्या धाकट्या बहीण. त्या गेल्या तर प्रांजलीला दुसरी आजी मिळेल आणि अर्जदार पहिली असूनही तिसरी होईल. फोन असेल. फोनवर बाई असतील.

सबब नम्र विनंती की, आपल्या सही-शिक्क्यानिशी पुढीलप्रमाणे दाखला मिळावा :

(अ) अर्जदार निवृत्त असून परदेशी जाऊन कोणासही, सख्ख्या नातीसही, शिकवणार नाही.

(आ) अर्जदार बोर्ली येथे मुलांना नियमित शिकवते आणि दिवाळीपूर्वी परत येऊन शिकवू लागेल.

(इ) पती एका ठिकाणी व पत्नी दुसऱ्या ठिकाणी नोकरीस असूनही कुटुंब एकच असू शकते, याचा आपल्या खात्यास दीर्घ अनुभव आहे.

(अ) आणि (आ) एकाच कागदावर विचित्र दिसतील, हे श्री. सुजित यांनी निदर्शनास आणले आहे. अर्जदारासही तसेच वाटते. पण दोन्ही खरे आहे. नव्या फॉर्मवर राहण्याचा पत्ता लीड्सचाच लिहिला जाईल. उद्देशाच्या रकान्यात ‘भेट’ एवढेच.

१०. हा अर्ज अर्जदाराने काल विहारात बसून लिहिला. (आ) हे कलम लिहिताना, खरे सांगायचे तर, ते व्हिसापुरतेच होते. एकदा नातीजवळ पोहोचल्यावर मुक्काम वाढवता येईल का, असा विचार मनात होता. तेवढ्यात तिसरीतली पूनम येऊन शेजारी टेकली. तिने विचारले, "बाई, तुमी तिला शिकवायला जाताव?" अर्जदार म्हणाली, नाही ग, भेटायला. तिने जरा विचार केला. म्हणाली, "मंग ठीक हाय. ती फोनवर आली का तुमी आमच्याकडं बगतच न्हाय." आणि पाटी घेऊन जागेवर जाऊन बसली.

अर्जदारास त्या मुलीच्या तोंडावर जे दिसले ते परके नव्हते. टोपीचा फोटो पाहिला त्या दिवशी आरशात तेच होते.

म्हणून कलम (आ) आता व्हिसापुरते नाही. ते पक्के समजावे. म्हशींइतके तरी समजावे.

११. शेवटी कलम (अ) बाबत एक खुलासा, जेणेकरून पुढे आपल्या सहीला बाधा येऊ नये. अर्जदार तिथे मुळाक्षरे शिकवणार नाही. पाढे, कविता, अंक, काहीही शिकवणार नाही. नात स्वतः पाटी घेऊन आली तरी हात मागे बांधून बसेल. सखूबाईंनी तिला ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ शिकवले आहे, तेही दुरुस्त करणार नाही. मात्र दारात पोहोचल्यावर तिने "बाई आल्या" अशी हाक मारली, तर अर्जदारास तिला एक शब्द शिकवावा लागेल. दोनच अक्षरे आहेत आणि ती ते आधीच दुसऱ्या कोणासाठी वापरते, त्यामुळे वेळ लागणार नाही.

तेवढे अध्यापन धरण्यात येऊ नये, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सगुणा बुधाजी कासारे
बोर्ली पंचतन

सोबत :
१) व्हिसा नाकारल्याच्या पत्राची प्रत.
२) पती-पत्नी एकत्रीकरणाच्या जुन्या बदली आदेशाची प्रत.
३) रत्नपाल, रचना व प्रांजली यांचा लीड्सच्या घरातला रविवारचा फोटो. (कडेला सखूबाई आहेत. कापल्या नाहीत.)
४) वर्गातील मुलांचे, बाई परत येतील असे हमीपत्र. मुलांनी स्वतः लिहिले आहे. त्यातल्या चुका अर्जदाराने दुरुस्त केलेल्या नाहीत. परत येण्याचे कारण त्यावरून दिसावे.